टाकीमागची बॅग

नंदा, काल दुपारी तुझ्या पाटावर बसून मी जेवली. साडी तुझी, ताट तुझं, अन् वाढणारा तुझा नवरा.

हसू नको. काल तुझं तेरावं होतं, हसायचा दिवस नव्हता. तेरा दिवस मी रडली नाही, नुसती तुले शिव्या देत घरभर फिरली. पोट्टे विचारून राहिले, आई, किससे बात कर रही हो? काय सांगू त्यांले? तू स्वभावानं किती चांगली होती, कामात किती हुशार होती, ते लोकांनी सांगून झालं. मले ते नाही लिहायचं. मले एकच गोष्ट लिहायची आहे, जी मी तुले एकदा खरी सांगितली अन् एकदा खोटी. कालपर्यंत मले वाटत होतं, दोन्ही वेळा मी शहाणपणच केलं.

सवाष्ण गेली की तेराव्याले तिच्या नावानं एका सवाष्णीले जेवू घालतात, हे तुले काय सांगायचं. तुझ्या आत्याच्या वेळी वाढाले आपण दोघीच तर होतो. सवाष्णीची ओटी भरायची, तिले पोटभर वाढायचं, अन् शेवटी घरच्या माणसानं विचारायचं, "तृप्त झालात?" तिनं म्हणायचं, "तृप्त." ती म्हणते म्हणजे गेलेलीच म्हणते. मग गेलेल्या बाईचा जीव त्या घरात अडकून राहत नाही. तुले ना बहीण, ना नणंद. परवा तुझ्या सासूचा फोन आला, "विजू, तूच ये बाई. तुझ्याशिवाय तिचं होतं कोण? तिले किती वाटायचं की तू..." तेवढ्यात मागून आवाज आला. टक, टक. काकूंनी वाक्य तिथंच सोडलं. मग म्हणाल्या, "बरं, बाराला ये."

मी "हव, येते" म्हणून फोन ठेवला. मग बराच वेळ नळ तसाच चालू ठेवून ओट्यापाशी उभी राहिली.

तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा आपलं राज्य वेगळं होऊन आपलं शहर नवं नवं राजधानी झालं होतं. भोपाळहून फायलींचे ट्रक येऊन राहिले होते, अन् मंत्रालय बसवलं होतं जुन्या दवाखान्यात. आपण दोघी टायपिस्ट, नोकरी नवी, चप्पल भी नवी. ज्या हॉलमध्ये बसत होतो तो पहिले वॉर्ड होता. चुना मारला होता, तरी भिंतीवर खाटांचे नंबर दिसायचे. तुझं टेबल अकरा नंबरखाली, माझं बारा. तू रोज आल्या आल्या भिंतीले हात लावायची अन् विचारायची, "काय अकरा नंबर, कशी आहे तब्येत?" मी म्हणायची, "मरशील एखाद्या दिवशी असं बोलून, नंदे." घ्या. बोलली होती मी.

तुझं जमलं ते तुझ्या मामानं जमवलं. तात्यापाऱ्यातलं घर, मुलगा उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर, निर्व्यसनी, आई तेवढी एक. साक्षगंधाच्या आधी तुले त्याच्याशी बोलायचं होतं अन् तुझी आई एकटी पाठवत नव्हती, म्हणून मी सोबत. मिठाईच्या दुकानात वरच्या मजल्यावर बसलो तिघं. प्रमोद भाऊजी पांढऱ्या शर्टात, केस पाणी लावून बसवलेले. तू आपल्या ऑफिसची गोष्ट सांगून राहिली होती. दोन्ही हात हवेत, आवाज खालच्या मजल्यापर्यंत. बुधराम चपराशी म्हणतो की सुट्टीच्या दिवशी कुलूपबंद हॉलमधून टाइपरायटरचा आवाज येतो, अन् एका रविवारी तुले फाईल आणाले जावं लागलं, तर आतून खरंच आवाज येऊन राहिला होता. "मी किल्ली लावली," तू म्हणाली, "कुलूप उघडलं, दार लोटलं, तर अकरा नंबरखाली..."

त्यानं टेबलावर बोट वाजवलं. दोनदा. तोंडावर हसू होतं. म्हणाला, "चहा गार होतोय."

अन् तू चहा पिऊ लागली.

मी वाट पाहिली. आता सांगेल, मग सांगेल. नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, अकरा नंबरखाली काय होतं गं? तू म्हणाली, "जाऊ दे, काही नव्हतं." आईसमोर, साहेबासमोर, कोणासमोर गप न बसणारी तू. मले त्या रविवारचं आजपर्यंत माहीत नाही.

परत येताना सायकलरिक्षात मी तुले सांगितलं. तेव्हा माझ्यात हिंमत होती.

"नंदे, मले हा माणूस नाही आवडला."

"काहून?"

"त्यानं बोट वाजवलं. अन् तू गप झाली."

तू खो खो हसली. "बोट वाजवलं म्हणून लग्न मोडू? दारू पीत नाही, हुंडा मागितला नाही, आवाज चढवून बोलत नाही. अन् बाई म्हणते, बोट वाजवलं!"

"तू गप झाली, हे तुले समजलं भी नाही. तेच सांगून राहिली मी."

मग तुझं हसणं थांबलं. तुझ्या नाकाचा शेंडा लाल झाला. म्हणाली, "तुले पाहाले कोणी येत नाही, म्हणून तुझ्या पोटात दुखून राहिलं." रिक्षावाल्यानं भी मागं वळून पाहिलं. मी तिथंच उतरली अन् गुढ़ियारीपर्यंत पायी गेली, रडत, तुले शिव्या देत. तुझ्या लग्नात मागच्या रांगेत बसून जेवली अन् निघून आली. आठ महिने अकरा नंबर बारा नंबरशी बोलला नाही. कार्बन पेपर पाहिजे असला तर बुधरामच्या हातून मागायचो.

आठ महिन्यांनी तू माझ्या टेबलावर डबा ठेवला. सांभारवडी होती. उघडून पाहिली अन् मी म्हटलं, "मी चुकली. तसं बोलाले नको होतं." तू माझ्या टेबलावरचं कार्बन उचलून घेऊन गेली. त्या दिवशी मी मनात शपथ घेतली की या माणसाबद्दल आता जिभेवर शब्द आणायचा नाही. पुन्हा आठ महिने तुझ्यावाचून काढायची माझी ताकद नव्हती. स्वार्थ होता, दुसरं काय.

मग माझं लग्न झालं, पोट्टे झाले, अन् मी तोंड शिवून तुझ्या घरी येत-जात राहिली. "नंदाला चहा नको." "नंदाला गर्दी सहन होत नाही." "नंदाला ऊन लागतं." तो शांतपणे सांगायचा, अन् तू मान हलवायची. मेळ्यात आकाशपाळण्याच्या लागोपाठ सात फेऱ्या मारणारी पोट्टी, तिले म्हणे गर्दी सहन होत नाही! पण तो वाईट काय करायचा, सांग? तुले पपई कापून द्यायचा, साली काढून, बिया काढून. थंडीत तुझ्या अंगावर स्वेटर टाकायचा. त्यानं एक थापड मारली असती तर मी ठाण्यात जाऊन बसली असती. बोटाची तक्रार कोण लिहून घेते?

अन् मग तो शनिवार. सुट्टी होती. तू न कळवता आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आली, मेहंदी रंगाची साडी नेसून. मी कणीक मळून राहिली होती. तू खुर्चीच्या टोकावर बसली. चप्पल काढली नाही. मी म्हटलं, पाय वर घेऊन बस, तर म्हणाली, राहू दे. दोनदा बाहेर पाहिलं. मले वाटलं, ऊन पाहून राहिली.

मग विचारलं, "विजू, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार की."

"तुले हे... अजून नाही आवडत का गं?"

माझे हात कणकेत होते. मले डबा आठवला, रिक्षा आठवली, ते आठ महिने आठवले. मले वाटलं, ही मले पारखून राहिली. मी म्हटलं, "अवं, चांगले आहेत भाऊजी. तुले काय कमी आहे?"

तू माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हव. काही कमी नाही."

चहा घेतला नाही. पाणी प्यायली अन् उठली. मी हात धुवून फाटकापर्यंत येते म्हटलं, तर तू दारातूनच मले मागं ढकललं. "तू नको येऊ, कणीक वाळेल." मी खिडकीतून पाहिलं, तर तू अंगणातल्या पाण्याच्या टाकीपाशी वाकली होती. मले वाटलं, चपलेचा पट्टा नीट करून राहिली. इतकी कशी मी ठोंबी?

नंतरच्या वर्षांचं लिहायला काही नाही. मंत्रालय नव्या शहरात गेलं, तिथं भिंतीवर नंबर नव्हते. तू हळूहळू "आम्हाला" म्हणायला लागली. आम्हाला आवडत नाही, आम्हाला जमणार नाही. मी तुझ्यावर चिडायची, पण दुसऱ्याच गोष्टींवरून. तू फोन उचलला नाही म्हणून, माझ्या पोट्टीच्या वाढदिवसाले आली नाही म्हणून. खऱ्या भांडणाभोवती आपण दोघी बारा-तेरा वर्षं फिरलो, त्याले हात नाही लावला.

तुझ्या शेवटच्या आजारातलं, दवाखान्यातलं एकच सांगते. डॉक्टरनं तुले विचारलं, "कहाँ दर्द है?" तू तोंड उघडलं, अन् भाऊजी म्हणाला, "पेट में, सर. थोड़ा-थोड़ा." डॉक्टर शहाणा होता. तो म्हणाला, "उन्हें बोलने दीजिए." आम्ही सगळे तुझ्याकडे पाहून राहिलो होतो. तुझे ओठ सुकलेले, घामानं उशी ओली झाली होती. अन् तू म्हणाली, "थोड़ा-थोड़ा." त्या वॉर्डात खाटांवर नंबर होते. तुझा कोणता होता ते मी पाहिलं नाही.

आता कालचं ऐक.

बाहेर लूच्या गरम झळा चालू होत्या, म्हणून तुमच्या घराच्या सगळ्या खिडक्या बंद. तात्यापाऱ्याच्या रस्त्यावरची एवढी कलकल, पण आत काही ऐकू येत नव्हतं. भाऊजी दारात उभा होता. म्हणाला, "नवीन साडी देतात, पण मी म्हटलं तिचीच नेसा. काढून ठेवली आहे." तुमच्या खोलीत पलंगावर तीच मेहंदी रंगाची साडी होती. डांबरगोळ्यांचा वास, घड्या इतक्या पक्क्या की उलगडताना कागदासारखा आवाज आला. मी नेसली. मग कुंकू लावाले आरशासमोर उभी राहिली. आरशाच्या काचेवर तुझी टिकली चिकटवलेली होती, तू रोज रात्री काढून लावायची ती. ती बरोबर माझ्या कपाळाच्या मधोमध आली.

नंदा, मी तुझ्याहून वीतभर उंच आहे.

मी बाहेर आली तेव्हा काकूंनी माझ्याकडे पाहिलं अन् डोळ्याले पदर लावला. म्हणाल्या, "बस सूनबाई." चुकून म्हणाल्या असतील. कोणी दुरुस्त केलं नाही, मी भी नाही. पाट भिंतीकडे तोंड करून मांडला होता. पुरण होतं, वडे होते, कढी होती. मी लिंबू मागितलं, तर भाऊजी म्हणाला, "नंदाला आंबट चालत नाही." मी म्हणायला पाहिजे होतं की नंदाच्या ऑफिसच्या खणात चिंच अन् मीठ असायचं, अन् लिंबू मी माझ्यासाठी मागून राहिली. मी नाही म्हटलं. वरणभात लिंबावाचून खाल्ला.

मग मीच बोलाले लागली, शांतता सहन होईना म्हणून. काकूंले म्हटलं, "तुम्हाले माहीत आहे का काकू, आमच्या जुन्या ऑफिसात एकदा रविवारी नंदा फाईल आणाले गेली, तर आतून..."

टक, टक. स्टीलच्या वाटीवर, अंगठीच्या बोटानं.

अन् मी गप झाली.

ही गोष्ट मले तुले सांगायचीच होती. भीती नाही वाटली गं. भीती वाटली असती तर मी भांडली असती, तुले माझा स्वभाव माहीत आहे. मले नुसतं वाटलं, जाऊ दे, काही महत्त्वाचं नव्हतं. घास उचलला अन् तोंडात टाकला. तीन घास झाल्यावर माझ्या हातावर काटा आला. वीस वर्षं तू हे कसं केलं, ते मले तीन घासांत समजलं.

तो माझ्यासमोर बसला. डोळे सुजलेले होते त्याचे, खोटं नाही बोलत. रडला होता तो. म्हणाला, "विजयाताई, तुमचे आभार मानायचे राहून गेले. तुम्ही माझा संसार वाचवला."

"मी?"

"त्या शनिवारी ती बॅग भरून निघून गेली होती. मी घरी आलो तर कपाट रिकामं. संध्याकाळी परत आली, बॅग घेऊनच. मी विचारलं, कुठे होतीस? म्हणाली, विजूकडे. मी विचारलं, काय म्हणाली विजू? म्हणाली, विजू म्हणाली, चांगले आहेत." तो हसला. "मला वाटायचं, तुम्हाला मी आवडत नाही. पण तुम्ही खरं बोललात. त्यानंतर ती कुठे गेली नाही."

माझ्या हातातला वडा ताटात पडला. टाकीमागं चपलेचा पट्टा नव्हता. तू बॅग बाहेर ठेवून आत आली होती, मी काय म्हणते ते ऐकाले. मी "नाही आवडत" म्हटलं असतं, तर बॅग आत आणली असती. एवढंच बाकी होतं. चार पावलं होती टाकीपासून दारापर्यंत.

मी विचारलं, "बॅग कुठं आहे?"

"पलंगाखाली. तिनं ती कधी रिकामी केलीच नाही. कपडे नवे घेतले तिनं, पण ती बॅग तशीच. मी म्हणायचो, आवरून ठेव, तर हो म्हणायची. ही साडी त्यातलीच आहे, त्या दिवशी परत आल्यावर बदलून तिनं सगळ्यात वर ठेवली होती."

माझ्या अंगावर होती ती साडी. बारा-तेरा वर्षं भरलेली बॅग, पलंगाखाली, हाताला येईल अशी. अन् मी तुले वाढदिवसाचे फोन करून राहिली होती.

मग त्यानं हात जोडले. रीत होती ती. "तृप्त झालात?"

एक शब्द म्हणायचा होता. त्या शनिवारी भी एकच वाक्य म्हणायचं होतं. काकू वाट पाहून राहिल्या होत्या, कोपऱ्यात बसलेले गुरुजी भी.

मी म्हटलं, "नाही."

गुरुजी म्हणाले, "अहो, असं नसतं म्हणायचं."

"ती तृप्त नाही. ती..."

टक, टक.

माझी जीभ पुन्हा जड झाली, नंदा, तुझी शप्पथ. पुन्हा वाटलं, जाऊ दे. पण या खेपेले मले माहीत होतं की हे 'जाऊ दे' माझं नाही. मी म्हटलं, "तिले लिंबू लागत होतं. तिले चहा लागत होता. तिले गर्दी आवडत होती, अन् बोलणं आवडत होतं, अन् तुम्ही तिची एक गोष्ट पुरी होऊ दिली नाही. अन् मले तुम्ही कधीच आवडले नाही, भाऊजी. मी तिच्याशी खोटं बोलली." टक, टक, टक. मी बोलत राहिली. बोट चालत राहिलं, अन् मग काकूंनी आपला सुरकुतलेला हात त्या बोटावर ठेवला. दाबून ठेवला. काकू लेकाकडे पाहत नव्हत्या, माझ्याकडे पाहून राहिल्या होत्या.

"अवं, पण तृप्त नाही म्हटलं तर ती जाईल कुठं?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. खरंच विचारलं.

"माझ्याकडे येईल, काकू."

काकू उठल्या, भिंतीले धरून आत गेल्या अन् बॅग ओढत घेऊन आल्या. तुझा नवरा बसल्या जागी बसून राहिला. खोटं काहून बोलू, जाताना मले त्याची कीव आली. त्याले खरंच समजलं नव्हतं, मी कशाबद्दल बोलून राहिली होती ते.

बॅग इथं आहे, माझ्या बाजूले. मी चेन उघडली नाही, ते तुझं काम. तुझी साडी अजून अंगावरच आहे, रात्री भी सोडवली नाही. घरात कोणी नाही, दुपारचे तीन वाजले असतील. मघाशी फाटकाची कडी वाजली. वारा नाही, मी खिडकीतून पाहिलं, आंब्याचं पान हलून नाही राहिलं. मी उठून पाहाले गेली नाही, कारण मले तुझ्या प्रश्नाचं उत्तर पहिले पुरं करायचं होतं.

तर ऐक. नाही, नंदे. मले तो माणूस नाही आवडत. तेव्हा नव्हता आवडत, तू विचारलं तेव्हा नव्हता आवडत, आज भी नाही. दार मी सताड उघडं ठेवलं आहे. चहा टाकते, लिंबाचा. अकरा नंबरखाली काय होतं ते सांग, सावकाश सांग, सगळं सांग. बॅग मी आत आणली आहे. आता टाकीमागं उभी राहू नको.